विमानं थांबतात तिथला रस्ता

आधीच सांगून टाकते, डहाणूला समुद्र आहे आणि मी तो पाहिला नाही. चार दिवस राहून आले तरी नाही. तेव्हा सुरूची बनं आणि किनाऱ्यावरचा सूर्यास्त ज्यांना वाचायचा असेल त्यांनी इथेच पान उलटावं. मी गेले होते भांडायला. तेही डांबरासाठी.

झालं असं की २०१६च्या मे महिन्यात पुण्यात आमच्या संघटनेच्या खोलीवर तलासरीहून फोन आला. बोलत होत्या जमना वरठा. डांबरी कामाच्या टोळीच्या त्या मुकादम. त्यांच्या पाड्यावरची नि शेजारच्या पाड्यांवरची बायामाणसं दिवाळीनंतर घर सोडतात आणि पाऊस येईपर्यंत जिथं डांबर पडत असेल तिथं झोपड्या ठोकून राहतात. त्या हंगामात एका ठेकेदाराने त्यांना थेट विमानतळावर नेलं होतं. धावपट्टीकडे जायला विमानांचा जो रस्ता असतो, त्याचा वरचा थर नवा करायचा होता. थंडीत काम झालं, एप्रिल-मेचं ऊन लागलं, आणि नव्या रस्त्याला चाकांखाली दोन चर पडले.

ठेकेदाराचा मॅनेजर गावडे म्हणाला, चूक टोळीची. कारणही त्याने शोधून ठेवलं होतं. काम सुरू करताना या लोकांनी ताडी ओतली, म्हणून डांबर मऊ पडलं, नि दारूच्या नादात रोलरचा दाबही नीट दिला नाही. आता गुरुवारी चारोटीला बैठक होती. विमानतळाकडून तपासणीचा इंजिनिअर येणार होता. त्याच्यासमोर जमनाबाईंनी टोळीची चूक कबूल करायची. नाही केली तर या भागातल्या एकाही माणसाला पुढे डांबरावर घेणार नाही, असा निरोप गावडेने पाड्यापाड्यावर पाठवला होता, आणि तोवर सगळ्यांना घरी बसवलं होतं.

हे ऐकून मी जी पेटले ती गाडीत बसेपर्यंत विझले नाही. कॉलेजपासून मी पत्रकं लिहिते. पत्रकाला एक गुन्हेगार लागतो, एक जळजळीत मथळा लागतो आणि शेवटी "जाब विचारा" लागतं. मथळा मी गाडीतच काढला: "डांबर कुणी खाल्लं?" मॅनेजर गरिबावर आरोप करतोय म्हणजे डांबर त्याच्याच मालकाने खाल्लेलं असणार, यात शंका घ्यायला जागा आहे असं मला वाटलंच नाही.

डहाणू रोड

स्टेशनबाहेर पडलं की पहिली गोष्ट लागते ती भाषांची मिसळ. ताडगोळे विकणारी बाई माझ्याशी मराठीत बोलली, शेजारच्या फरसाणवाल्याशी गुजरातीत भांडली आणि एका रिक्षावाल्याला तिने हिंदीत हाकललं. हे सगळं एका दमात, हातातला कोयता न थांबवता. आमच्या सोलापुरातही कानडी, तेलुगू, मराठी अशी खिचडी आहे, पण तिथे माणूस भाषा बदलताना निदान श्वास घेतो.

ताडगोळा मी पहिल्यांदाच खाल्ला. साल न काढताच तोंडात घातला आणि तुरट चेहरा केला. बाई म्हणाली, "पुन्याची ना?" मी सोलापूरची आहे असं ठासून सांगितलं. तिला काही फरक पडला नाही.

मग मी चुकीच्या जीपमध्ये बसले. तलासरी म्हणून बसले ती जीप सरावलीला थांबली ती थांबलीच. ड्रायव्हरला माणसं पुरेशी मिळेनात. मागे दोन बाया, त्यांच्या मांडीवर कोंबड्या, आणि मी. अर्धा तास मी ड्रायव्हरला प्रवाशांचे हक्क समजावले. त्याने सगळं ऐकून घेतलं, होय होय म्हणाला आणि चहा प्यायला गेला. पिशवीत पुण्याहून घेतलेली शेंगदाण्याची चिक्की होती, जमनाबाईंकडे रिकाम्या हाताने जायला नको म्हणून. पिशवी जीपच्या टपावर होती. शेवटी एकदाची जीप भरली, पण तलासरीला उतरेपर्यंत उन्हाने चिक्कीच्या वड्यांची एकच लादी झाली होती.

तलासरीच्या पुढे

पाडा म्हणजे टेकडीच्या उतारावर लांब लांब पसरलेली घरं. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणामातीचा लेप. मेमध्ये भाताची शेतं उघडी पडलेली, पण त्या भिंतींआड गारवा होता. आमच्याकडच्या सिमेंटच्या घरात मे महिन्यात माणूस भाजून निघतो.

जमनाबाई चाळिशीच्या असतील. अंगाने बारीक, आवाज मोठा, आणि समोर कोणीही असो, बोलणं "तू"चं. मला तू, सरपंचाला तू, फोनवर गावडे मॅनेजरला तू. सोलापुरात असं कुणी बोललं तर दुपारपर्यंत भांडण पोलीस चौकीत जाईल. इथे ते कुणाला खटकत नव्हतं, आणि दोन दिवसांत मलाही खटकेनासं झालं.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. आमची कडक भाकरी पाहुणा निघाला की पिशवीत घालून देता येते, महिनाभर टिकते. ही भाकरी इतकी मऊ की तव्यावरून ताटात येईतोच खावी. मी चार खाल्ल्या. जमनाबाईंची जाऊ म्हणाली की ही ताई भांडायला आली म्हणता, पण जेवायलाच आलेली दिसते.

जेवण झाल्यावर टोळीतली माणसं अंगणात जमली आणि मी कागद काढून चौकशीला बसले. ठेकेदाराने डांबर किती कमी टाकलं, असं विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग कळलं की कमी वगैरे काही नव्हतं. प्रत्येक गाडीचा माल मोजून येई, आत विमानतळाचा माणूस उभा, गरम मालात काटा घालून उष्णता बघे, थंड वाटला तर गाडी परत पाठवी. मी दुसऱ्या तऱ्हेने विचारलं, तिसऱ्या तऱ्हेने विचारलं. उत्तर तेच. माझा मथळा हातात, आणि त्याला खाणारा मिळेना.

मग ताडीचं विचारलं. माझी खात्री होती की हे तरी शंभर टक्के गावडेचं कुभांड असणार. जमनाबाई म्हणाल्या की ओतली. नवं काम धरताना आधी धरतरीला द्यायची, मग हात लावायचा. रस्त्याचं काम असो, विहिरीचं असो, नाहीतर शेताचं. चार थेंब जमिनीला. त्यांच्या आईने केलं, आजीने केलं.

मी डोक्याला हात लावला. त्यांना म्हटलं की बैठकीत एवढंच म्हणा, ताडी नव्हती. पुढचं मी बघते. एका शब्दाने त्याचा आरोप पडतो.

"धरतरीला दिलेली नाय दिली म्हणून सांगू?" जमनाबाई म्हणाल्या. "तू सांगशील?"

मी म्हटलं, मी देव मानत नाही.

"मग तुला सोपं हाय. मला नाय."

त्यावर मी बरंच बोलले. अंधश्रद्धा, ठेकेदाराच्या हातात दिलेलं कोलीत, आयता पुरावा, असे माझे नेहमीचे शब्द. अंगणातली माणसं एकेक करून उठून गेली. जमनाबाई तेवढ्या बसून राहिल्या आणि मग त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. खालच्या पाड्यावरची माणसं दोनदा येऊन गेली होती. तुमच्या टोळीपायी आमचं काम का बुडावं, कबूल करून टाका, असं सांगून गेली होती. सख्ख्या नात्यातली माणसं पाण्यावर भेटली तर तोंड फिरवीत होती. पाऊस यायच्या आत अजून तीन आठवड्यांचं काम निघण्यासारखं होतं, आणि दिवाळीनंतरचा अख्खा हंगाम पुढे होता.

"एक दिवस मान खाली घालीन," त्या म्हणाल्या. "मी घालीन. सगळी कामावर तरी जातील."

त्यांना फोन केल्याचा पश्चात्ताप होत असावा, असं मला त्यांच्या तोंडावरून वाटलं. कारण मी येऊन त्यांची अडचण वाढवलीच होती, कमी काही केली नव्हती.

उठता उठता त्या म्हणाल्या की कोसबाडला एक म्हातारा आहे, चुरीकाका. वाडीत चिक्कू पिकवतो. टोळीतल्या एकीची बहीण त्याच्याकडे चिक्कू उतरवायला जाते. विमानतळावर साहेब होता म्हणे, रस्ते करायचा. तोंड फार आहे त्याला, पण जाऊन बघ.

कोसबाडची वाडी

तोंड खरंच फार होतं. चुरीकाकांनी दार उघडताच मला विचारलं की काय विकायला आलीस. मी संघटनेचं नाव सांगितल्यावर म्हणाले की म्हणजे काहीच नाही, नुसती पत्रकं. मग चिक्कूच्या झाडांखाली खुर्ची टाकून दिली आणि पहिला पाऊण तास त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. आयुष्यभर धावपट्ट्याच केल्या. कुठकुठल्या, कुणाकुणाशी भांडून, कोणाचं ऐकलं नाही म्हणून त्या कशा टिकल्या. त्यांच्या बायकोने आतून एकदा ओरडून सांगितलं की पोरीला पाणी तरी द्या.

मी माझा मथळा दाखवला. त्यांनी तो वाचला आणि माझ्या पिशवीतून डोकावणारी चिक्कीची लादी बाहेर काढायला लावली. जमनाबाईंकडे अर्धी दिली होती, अर्धी शिल्लक होती.

"चिक्कीत गूळ कमी पडला तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"सुटते. शेंगदाणे गळतात."

"आणि जास्त झाला तर?"

"लोळते."

"मग तुझा रस्ता गळालाय की लोळलाय?"

मी कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. खड्डा पडला, खडी सुटली, तर डांबर खाल्लं म्हणावं. पण रस्ता चरात बसला म्हणजे तो वाहिला आहे. डांबर कमी असून रस्ता वाहत नाही. आमच्या संघटनेत आजवर खड्डा असो की चर, सगळ्याला एकच मथळा लागत आला होता. हे मी जरा हळू आवाजात लिहिते आहे.

पुढचं काकांनी ओट्यावर दाखवलं. चिक्कीच्या एका तुकड्यावर त्यांनी बत्ता आपटला. तुकडा उडाला, तुटला, पण चेपला नाही. दुसरा तुकडा उन्हात ठेवून त्याच्यावर तोच बत्ता नुसता उभा करून ठेवला आणि आम्ही जेवायला आत गेलो. काकूंनी वालाचं बिरडं केलं होतं. परत आलो तेव्हा बत्ता गुळात रुतलेला आणि त्याच्या कडेने शेंगदाणे वर आलेले.

"डांबर असंच," काका म्हणाले. "त्याला वजन किती हे विचारायचं नसतं. किती वेळ बसलात हे विचारायचं असतं."

लोकांना वाटतं विमान उतरताना धाडकन आपटतं, तिथे धावपट्टी खचत असेल. मलाही तसंच वाटत होतं. काका म्हणाले, ते आपटणं दिसायला मोठं. धावणाऱ्या विमानाचं अर्धंअधिक ओझं पंखांनी उचललेलं असतं, आणि चाक डांबरावरून इतक्या झपाट्याने जातं की डांबराला कळेपर्यंत विमान पुढे गेलेलं असतं. तेवढ्या क्षणाला डांबर दगडासारखं वागतं. खरा छळ होतो तो रांगेत. उड्डाणाची पाळी येईतोवर विमान पोटभर तेल आणि माणसं घेऊन उभं राहतं. पंखांचा तिथे काही उपयोग नाही. सगळा भार थोड्याशा चाकांवर, आणि त्या चाकांत हवा ट्रकच्या चाकापेक्षा दुपटीच्या आसपास भरलेली, म्हणजे टेकण्याची जागा लहान आणि दाब मोठा. वरून मे महिन्याचं ऊन, काळा रस्ता, उन्हात हात लावला तर पोळेल असा. डांबर सैल होतं, खडी एकमेकींवरून सरकते, चाकाखालचा माल बाजूला सरतो. त्यात वैमानिक नाकाचं चाक मधल्या पिवळ्या रेघेवरच ठेवतात, म्हणून प्रत्येक विमानाची चाकं त्याच जागी येतात. बैलगाडीच्या चाकोऱ्या पडतात तशा पडतात. जिथे विमान ब्रेक मारतं, वळतं, तिथे तर रस्ता सतरंजीसारखा गोळा होतो.

मी विचारलं की पण दाब कमी दिला असता, तरी चर पडलेच असते ना? गावडे तेच म्हणतोय. काका पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले की हा प्रश्न चांगला आहे, आणि फोटो मागितला.

फोटो होता, मी तो माझ्या फोनवर घेऊन ठेवला होता. गावडेनेच जमनाबाईंना पाठवलेला, खाली लिहिलं होतं, बघा तुमचे पराक्रम. काकांनी चष्मा कपाळावर चढवून तो फोन नाकाशी धरला. मग मला दाखवलं. रस्त्यावर आडवी पिवळी रेघ, विमानांनी थांबायची. चर तिच्या मागेच होते. रेघेच्या पुढे, जिथून विमानं निघून जातात, तिथे तोच थर, त्याच टोळीने घातलेला, पाटासारखा सपाट. आणि चराच्या दोन्ही कडा वर फुगलेल्या. कणकेत बोट दाबलं की बोटाच्या बाजूने ती वर येते तशा.

रोलरचा दाब कमी पडला असता तर चाकाखालचा रस्ता नुसता खाली बसला असता, कडा वर आल्या नसत्या. आणि विमानं जिथून जिथून जातात तिथे सगळीकडे बसला असता, फक्त थांबण्याच्या जागी नाही. टोळीने काम चोख केलंय, काका म्हणाले. हा फोटो पाठवून तुझ्या गावडेने स्वतःच सांगितलंय.

मला इतकं हायसं वाटलं की मी काकूंच्या हातचा चहा न विचारता दोनदा घेतला. पण पत्रकाची सवय वाईट. मी विचारलं, मग गुन्हेगार कोण?

"मे महिना."

मी चिडले. तेव्हा ते म्हणाले की जिथे विमानं थांबणार तिथेही बाकीच्यासारखंच साधं डांबर घाला असं ज्याने ठरवलं, त्याची चूक. तिथे कडक डांबर, मोठी फोडीव खडी, नाहीतर सरळ काँक्रीट लागतं. रांग एवढी वाढेल असं त्या वेळी त्याला वाटलंही नसेल.

"चूक आहे, पाप नाही. पाप म्हणजे ती उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं. त्याच्यावर लिही काय लिहायचं ते."

गुरुवारी येता का विचारल्यावर त्यांनी दुपारची झोप, चिक्कूची उतरणी आणि गुडघा अशी तीन कारणं दिली. काकू आतून म्हणाल्या की रिटायर झाल्यापासून भांडायला माझ्याशिवाय कुणी नाही, घेऊन जा त्यांना.

चारोटी

चारोटी नाक्यावर हायवेच्या कडेला खाणावळींची रांग आहे. त्यातल्या एका खाणावळीत मागच्या बाजूला गावडे येऊन बसला होता. मी राक्षस बघायला गेले होते. निघाला गोड बोलणारा, घामेजलेला, पोट सुटलेला माणूस. सगळ्यांना त्याने ताक मागवलं. जमनाबाईंना "या, बसा" म्हणाला. त्यांच्याबरोबर टोळीतल्या पाच-सहा बाया होत्या, त्या बसल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तपासणीचा इंजिनिअर नाईक माझ्याच वयाचा, उन्हाने रापलेला, फार न बोलणारा.

गावडेने सुरुवात छान केली. गरीब माणसं आहेत, शिक्षा नको, चूक झाली एवढं म्हटलं की विषय संपला. मी मध्ये बोलायला गेले तेव्हा त्याने हात जोडून म्हटलं की मॅडम, मी मुकादमांशी बोलतोय. आणि मग जमनाबाईंकडे वळून विचारलं, ताडी ओतली की नाही, एवढंच सांगा.

"ओतली," जमनाबाई म्हणाल्या.

गावडेने नाईककडे बघितलं, म्हणजे झालंच की, अशा अर्थाने. भिंतीकडच्या बायांपैकी एकीने पदर तोंडाला लावला.

नाईकने ताकाचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "कुठे?"

"गेटाबाहेर. चिंचेखाली, मातीवर. आत काय न्यायला देतात? माझी तंबाखूची डबीपण काढून घेतली." त्यांनी गावडेकडे बोट केलं. "यानं तिथंच नारळ फोडला. त्याचं पाणी माझ्या ताडीपेक्षा जास्त सांडलं. त्यानं नाय बिघडलं डांबर?"

आधी खाणावळीचा वेटर हसला. मग भिंतीकडच्या बाया. नाईकने ग्लास पुन्हा तोंडाला लावला आणि त्याच्याआड बराच वेळ राहिला. नारळ तर सगळेच फोडतात, असं गावडे म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

मला आजही वाटतं, मी सुचवलेलं "नाही" त्या बोलल्या असत्या तर गावडेने चार माणसं उभी केली असती, ताडी सिद्ध केली असती, आणि आम्ही खोटे पडलो असतो.

एवढ्यात चुरीकाका उठले आणि सगळ्यांना बाहेर चला म्हणाले. भर दुपार. खाणावळीपासून थोडं पुढे, जिथे अहमदाबादकडचे ट्रक एकामागे एक रांगेत उभे राहतात, तिथे त्यांनी आम्हाला नेलं. डावीकडच्या रांगेखालचा रस्ता दोन खोल चरांत बसलेला, कडा फुगलेल्या. उजवीकडची मार्गिका, जिथून तसलेच ट्रक धडधडत निघून जात होते, ती सपाट. रस्ता तोच, ऊन तेच. काका काठीने एकदा इकडे, एकदा तिकडे दाखवत होते आणि हॉर्नच्या आवाजावर ओरडून बोलत होते. ट्रक ड्रायव्हर खिडकीतून बघत होते, हे कोणतं सरकारी खातं आलं म्हणून.

मी भारावून एका जागी उभी राहून ऐकत होते. काका म्हणाले, चला, आणि मी पाय उचलला तर चप्पल उचललीच नाही. टाच डांबरात बसली होती. बाकीचे येरझारा घालत होते म्हणून सुटले. जमनाबाईंनी वाकून दोन हातांनी ती उपटली आणि माझ्या हातात दिली. काका गावडेला म्हणाले की बघा, ही पोरगी काही विमानाएवढी जड नाही. आणि मी पुण्याहून भांडायला आलेली कार्यकर्ती एका पायावर उभी.

नाईक वाकून चराच्या कडेवरून हात फिरवत होता. उठून त्याने सांगितलं ते असं. विमानतळाच्या रस्त्यातून त्यांनी थराचे गोल तुकडे कापून काढले होते, चरातले आणि सपाट भागातलेही. दाब दोन्हीकडे चांगलाच निघाला होता. त्याला टोळीचा दोष दिसत नव्हता, पण गावडेने कळवलं होतं की टोळीने आपणहून चूक कबूल केली आहे. न केलेली चूक माणसं कशी कबूल करतात, ते ऐकायला तो मुद्दाम आला होता.

गावडेने रुमालाने मान पुसली. वरून, डांबर ठरवणाऱ्यांकडून, दबाव होता, असं काहीसं म्हणाला. असेलही. मी त्याच्यावर दोन वाक्यं सोडली. ती चांगली होती, पण ट्रकच्या हॉर्नमध्ये गेली.

नाईक म्हणाला की रेघेमागचा तेवढा तुकडा उकरून कडक डांबराने पुन्हा करायचा आहे, पावसाच्या आत. आणि जमनाबाईंना विचारलं की तुमची टोळी मोकळी आहे का.

पाड्यावर

गावडे लगेच सोमवारी टेम्पो पाठवतो म्हणाला. जमनाबाई म्हणाल्या की टेम्पो पाठव, पण आधी तू ये. निरोप पाड्यापाड्यावर पाठवलास, आता तिथं येऊन बोल. तो म्हणाला, फोन करतो सगळ्यांना. त्या म्हणाल्या, फोन नको. नाईक दुसरीकडे बघत राहिला. गावडे आपल्या गाडीत बसला आणि आमच्या जीपमागे आला. वाटेत दोनदा मला वाटलं की तो वळून जाईल. गेला नाही. माणसं त्यालाही हवीच होती.

संध्याकाळी अंगणात माणसं जमली. खालच्या पाड्यावरचीही आली, ज्यांनी पाण्यावर तोंड फिरवलं होतं तीसुद्धा. ती जरा कडेकडेने उभी राहिली. कुणी त्यांना बोल लावला नाही. जमनाबाईंच्या जावेने तांब्याभर पाणी फिरवलं आणि त्यांनाही दिलं. मी मनात भाषण जुळवत होते, पण जमनाबाईंनी मला चुलीपुढे भाकऱ्या थापायला बसवलं. माझ्या भाकऱ्या बघून बाया इतक्या हसल्या की गावडे गाडीतून उतरून आल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तो अंगणाच्या तोंडाशी बूट काढून उभा राहिला. घसा खाकरून म्हणाला की तपासणी झाली आहे, तांत्रिक कारण निघालं आहे, आणि टोळीच्या कामाबाबत जो गैरसमज झाला होता तो दूर झालेला आहे. बोलला सगळं जमिनीकडे बघत.

ओसरीवर खाटेवर जमनाबाईंची सासू बसली होती. तिला कमी ऐकू येतं. तिने विचारलं, "काय म्हनतो तो?"

जमनाबाईंसकट सगळी माणसं गावडेकडे बघायला लागली. तो चार पावलं पुढे आला, खाटेजवळ वाकला आणि हळूच काहीतरी म्हणाला. म्हातारीने कानामागे हात धरला.

मग त्याने मान वर केली आणि मोठ्याने सांगितलं, खालच्या पाड्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने. "चूक तुमच्या माणसांची नव्हती, आजी. काम चांगलं केलं होतं."

म्हातारीने मान हलवली. खाटेवर थोडी सरकली आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"मग उभा कशाला?" ती म्हणाली. "बस. जेव."